फॅट तीन-आठ

ओसोर्नोच्या दूध केंद्रावर अकरा वर्षं
मी एकच काम करतो :
कॅनमधला नमुना नळीत भरायचा,
यंत्रात गरगर फिरवायचा,
वर चढलेली पिवळी रेघ मोजायची.
तीन-चार. तीन-आठ.
पाणी घातलेलं दूध मला वासानं कळतं.
त्यावरून दोनदा भांडणं झाली, एकदा दात पडला.

एलिसेओच्या महाधमनीला जन्मतःच चिमटा होता.
सान्तियागो, बसनं बारा तास.
अठरा दिवसांचं पोर,
पाठ माझ्या तळहाताएवढी.
बरगड्यांमधून वाट काढून चिमटा सोडवला, शिवलं.
"छान झालं," डॉक्टर उंदुर्रागा म्हणाल्या,
आणि झालंही होतं छान.

पाचव्या दिवशी मिर्ताचं दूध सुरू केलं,
नाकातल्या नळीतून, दहा-दहा मिली.
रात्री बरगडीतून बाहेर आलेल्या दुसऱ्या नळीत
जे काल चहाच्या चोथ्यासारखं फिकट होतं
ते पांढरं यायला लागलं.
नर्स याझ्नानं बाटली दिव्याकडे धरली.
मी अंधारातही ओळखलं असतं.

"दूध नाही हे," डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं.
आतड्यातली चरबी घेऊन मानेकडे चढणारी
एक वाहिनी असते, कण्याला चिकटून.
याची तर दोऱ्याएवढी.
ऑपरेशनला पोर उपाशी होतं.
उपाशीपोटी तिच्यात नुसतं पाण्यासारखं असतं,
म्हणून ती दिसत नाही.
दिसली नाही.
एवढंच म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावताना
त्यांचा हात दोनदा चुकला.

मग साय बंद.
मिर्ता तीन-तीन तासांनी बाटली भरायची.
तळघरात ती यंत्रात गरगर फिरायची,
वरची पिवळी रेघ काढून टाकायची,
खालचं निळसर पाणी पोराला.
मी म्हटलं, मी करू? मला येतं.
करू दिलं नाही, बघू दिलं.
चार-दोन लागली मिर्ताची फॅट.
केंद्रावर तुला सगळ्यांत जास्त भाव मिळाला असता,
मी तिला येऊन सांगितलं.
ती हसता हसता रडायला लागली,
पान्हा फुटून शर्ट भिजला.

रोज सकाळी बाटलीवरची खूण :
एकशे दहा. नव्वद. एकशे तीस.
फोनवर माझी आई :
जेवढं गळतं तेवढं परत पाजा ना.
तिला काय सांगू, तेच चाललंय, शिरेतून.

एकविसाव्या रात्री डॉक्टर म्हणाल्या,
उद्या पुन्हा आत जायचं.
आणि आधी त्याला साय द्यायची.
साय?
चार चमचे.
म्हणजे गळती पांढरी होईल. म्हणजे दिसेल.

पहाटे याझ्नानं सिरिंज भरली.
दुकानातला डबा, त्यावर आमच्याच खोऱ्यातली गाय.
मी वास घेतला. पस्तीस, मी म्हणालो.
तिनं डबा फिरवून पाहिला. पस्तीस.
साय नळीतून उतरू लागली, हळू,
पुढे होऊन वाट दाखवायला निघालेल्या
घरच्या माणसासारखी.

दोन टाके पडले, एवढंच आम्हाला कळलं.

आता बाटलीत येतं ते थोडं, पिवळसर.
आज बारा मिली.
पोर झोपलंय, झोपेत ओठ काहीतरी चोखतायत.
मिर्ता विचारते, माझं दूध कधी, सगळंच्या सगळं?
सहा आठवडे, म्हणतात.
तोवर फ्रीझरमध्ये तिच्या बाटल्या उभ्या आहेत,
प्रत्येकीच्या गळ्याशी बोटभर पिवळी रेघ.
मी मोजत नाही.
डोळ्यांना सवय आहे, ते मोजतात.